किल्ली त्यांची, उत्तर आपलं

राजा, काम ऐकायला बारीक आहे. समोरचा प्रोग्राम विनंती पाठवणार, तिच्यासोबत एक किल्ली पाठवणार, आणि आपल्या मेनफ्रेमनं पाच-पंचवीस अक्षरांचं उत्तर त्याच किल्लीनं एनक्रिप्ट करून परत द्यायचं. शिल्लक किती, व्यवहार मंजूर की नामंजूर, पावतीचा नंबर काय, एवढंच. टीममधले म्हणतील, कोबॉलमध्ये एक कॉल टाकला की झालं. कॉल टाकायला खरंच वेळ लागत नाही. पण त्या कॉलच्या आधी आणि नंतर काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. पिशोरहून पुण्याला गेलेल्या आपल्या घरच्या पोराच्या हातून हे काम जाणार, म्हणून ज्या मशीनवर मी आयुष्यभर भाकरी कमावली तिच्याबद्दल जे कळलं ते तुझ्या कानात सांगून ठेवते. कन्नड-सिल्लोडकडची इतर पोरंही हल्ली हिंजवडीत मेनफ्रेमच्या प्रोजेक्टवर लागतात. त्यांनाही वाचायला दे.

ही पद्धत परदेशी बँकांपुरती आहे असं समजू नकोस. आपल्या पट्ट्यातल्या जिनिंगमधून कापसाच्या गाठींचा ट्रक गुजरातेत निघतो, तेव्हा माल 50 हजारांच्या वर असला की ई-वे बिल लागतं. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला 1 एप्रिल 2018 पासून हा नियम लागला. छोटा व्यापारी पोर्टलवर बसून हातानं भरतो, पण मोठ्याचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर थेट एनआयसीच्या सर्व्हरशी बोलतं. ते सॉफ्टवेअर 32 बाइटची रँडम किल्ली स्वतः तयार करतं आणि सर्व्हरच्या पब्लिक किल्लीनं बंद करून पाठवतं. सर्व्हर त्या किल्लीखाली एक सेशन किल्ली परत देतो. ती 6 तास चालते आणि पुढची उत्तरं तिच्याखाली येतात. उत्तर तरी केवढं? 12 अंकी बिल नंबर, तारीख, मुदत. ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर जो नंबर असतो, तो सर्व्हरकडून असा बंद होऊन आलेला असतो. ती यंत्रणा मेनफ्रेमवर चालत नाही, पण तुझं काम आणि ते काम सख्खे भाऊ आहेत. त्यांची कागदपत्रं वाचून काढ. दोन दिवस जातील, पण डोक्यात चित्र पक्कं बसेल.

कुणीतरी विचारेलच, टीएलएस असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि तो तू स्वतः सगळ्यांत आधी विचारायचा. टीएलएसचं कवच वाटेतल्या पहिल्या मुक्कामाला उतरतं. लोड बॅलन्सरवर उतरतं, मधल्या सेवा पुरवठादाराच्या सर्व्हरवर उतरतं, आणि तिथून एमक्यूच्या रांगेतून आपल्या सीआयसीएस रीजनपर्यंत येणारा मजकूर उघडा असतो. विनंती आणि उत्तर मधल्या कुणालाही दिसू नये असं असेल, तरच ही मेहनत करावी. मध्ये कुणीच नसेल तर टीएलएस 1.3 नीट लाव आणि बाकीचं सोड. त्यात एक जास्तीचा फायदाही आहे. आरएसएच्या एकाच किल्लीखाली किल्ल्या पाठवायची पद्धत 2018 च्या त्या आवृत्तीनं काढूनच टाकली, कारण उद्या ती आरएसएची प्रायव्हेट किल्ली फुटली तर आजवर साठवून ठेवलेला सगळा मजकूर उघडतो. तू जे बांधतोयस त्यात हा धोका शिल्लक राहतो. तो साहेबांना लेखी कळव.

आता मुख्य गोष्ट. ज्यानं किल्ली पाठवली तो कोण, हे किल्ली सांगत नाही.

हे वाक्य दोनदा वाच. आपली पब्लिक किल्ली नावाप्रमाणे सगळ्यांकडे आहे. मध्ये बसलेल्या माणसानं खऱ्या गिऱ्हाइकाची विनंती तशीच ठेवली, फक्त बंद किल्लीचा तुकडा काढून तिथं स्वतःच्या किल्लीचा तुकडा चिकटवला, तर आपलं मशीन इमानेइतबारे उत्तर एनक्रिप्ट करून त्याच चोराच्या हातात देईल. गणित बरोबर, प्रोग्राम बरोबर, अबेंड नाही, लॉगमध्ये सगळं हिरवं. डबा घट्ट बंद आहे म्हणून आतली भाकरी कुणी थापली ते कळत नाही. म्हणून किल्लीचा तुकडा, खाते क्रमांक, विनंतीचा क्रमांक आणि वेळ हे चारही एकाच सहीखाली आले पाहिजेत. सही गिऱ्हाइकाच्या आधी नोंदवलेल्या किल्लीची असावी, आणि ती तपासल्याशिवाय आपण किल्ली उघडायलाही जायचं नाही. डिझाइनच्या बैठकीत यावर कुणी म्हणालं की लॉगिन झालंय की आधीच, तर लॉगिनचं टोकन या तुकड्याला कुठे बांधलंय ते दाखवा, असं शांतपणे म्हणायचं. दाखवता आलं नाही तर ते बांधलेलं नाही.

हाच मुद्दा उलट बाजूनंही खरा आहे. गिऱ्हाइकाला आलेलं उत्तर खरंच आपल्या मशीनचं आहे का? ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो सायबर हल्ला झाला, तो प्रत्येक मेनफ्रेमवाल्यानं अभ्यासावा. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांच्या वाटेवर खोटा स्विच उभा केला. 28 देशांतल्या एटीएममधून विनंत्या येत गेल्या आणि त्या बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत न पोहोचता मंजूर होत गेल्या. एटीएममधून आणि नंतर स्विफ्टमार्गे मिळून 94 कोटींवर रक्कम गेली. एटीएमच्या व्यवहारांचं आयएसओ 8583 हे जे प्रमाण आहे, त्यात मंजुरीचं उत्तर दोन अक्षरांचं असतं: 00. दोन शून्यांवर नोटा बाहेर येतात. तिथे चोर घरातच शिरले होते, त्यामुळे नुसत्या एनक्रिप्शननं ते थांबले असते असं मी म्हणणार नाही. पण लहान उत्तराच्या बाबतीत गुप्ततेपेक्षा खरेपणा मोठा, हे त्यातून शिकायचं. शिल्लक कुणी वाचली तर वाईट. नामंजूर हे मंजूर झालं तर बँक बसते.

म्हणून नुसतं एनक्रिप्ट करणारी पद्धत वापरू नकोस. एईएस-जीसीएम घे. त्यात मजकुरासोबत 16 बाइटचा टॅग येतो आणि एक बिट जरी कुणी हलवला तरी समोरच्याकडे उत्तर उघडतच नाही. विनंतीचा क्रमांक आणि वेळ त्यात जोडीचा मजकूर म्हणून घाल. तो एनक्रिप्ट होत नाही, पण टॅगमध्ये बांधला जातो. मग कालचं मंजुरीचं उत्तर आजच्या विनंतीला चिकटवता येत नाही. आधारचं प्रमाणीकरण बघ. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि आज इथे पिशोरला म्हातारी माणसं बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात. त्या अंगठ्याची माहिती जाताना उपकरणानं बनवलेल्या एईएसच्या 256 बिटांच्या सेशन किल्लीनं जीसीएममध्ये बंद होते आणि ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या पब्लिक किल्लीनं. प्रमाणीकरणाचं उत्तर मात्र मुळात एका अक्षराचं: वाय किंवा एन. त्या एका अक्षरावर सही असते आणि विनंतीचा व्यवहार क्रमांक त्यात परत येतो. एका अक्षरासाठी एवढी राखण आहे, ती उगाच नाही.

आता उत्तर लहान असल्यानं येणारी खरी अडचण. मोठं पत्र एनक्रिप्ट केलं तर त्यात इतकं काही असतं की अंदाज बांधता येत नाही. वाय आणि एन असे दोनच पर्याय असतील तर चोराला किल्ली फोडायची गरजच काय? ईसीबी पद्धतीत त्याच किल्लीखाली तोच मजकूर दर वेळी तसाच्या तसा बाहेर पडतो. सहा तासांची सेशन किल्ली, तेवढ्या वेळात हजार उत्तरं, आणि त्या हजारांत दोनच आकार. एक आकार नऊशे वेळा दिसला तर तो मंजूर, दुसरा नामंजूर. शाळकरी पोरगंही सांगेल. जुन्या लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. एटीएमचा पिन चार आकडी, म्हणजे एकूण 10,000 शक्यता. तो तसाच एनक्रिप्ट केला असता तर सारख्या पिनचे सगळे ग्राहक एका रांगेत दिसले असते. म्हणून पिन ब्लॉकच्या त्या जुन्या फॉरमॅटमध्ये, ज्याला फॉरमॅट शून्य म्हणतात, पिनमध्ये खाते क्रमांकाचे आकडे एक्सॉर करून मिसळले. एईएससाठी आलेल्या फॉरमॅट चारमध्ये रँडम आकडेही भरले. नवशिक्यानं पिन ब्लॉकची रचना एकदा कागदावर हातानं मांडून बघावी. लहान मजकूर कसा झाकायचा याचं सगळं शहाणपण त्या काही बाइटांत आहे.

आकाराकडेही बघ. मंजूर हे उत्तर 8 बाइटांचं आणि नामंजूर कारणासकट 40 बाइटांचं असेल, तर जीसीएम असूनही लांबीवरून सगळं कळतं. प्रत्येक उत्तर एकाच मापाचं कर. समज, 64 बाइट ठरवले. त्याला 12 बाइटचा नॉन्स, म्हणजे दर उत्तराला नवा लागणारा आकडा, आणि 16 बाइटचा टॅग धरला की 92 होतात, आणि बेस64 केल्यावर 124 अक्षरं. कॉपीबुकमध्ये ते फील्ड पहिल्या दिवसापासून 124 चं ठेव. मागाहून कॉपीबुक वाढवायचं म्हणजे त्यावर बसलेले सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचे, आणि ते कुणालाच नको असतं. मग पोरं टॅगच छाटून टाकतात. टॅग छाटायचा नाही, काही झालं तरी.

नॉन्सवर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण मेनफ्रेमवर ही ठेच हमखास लागते. जीसीएममध्ये एका किल्लीखाली एकच नॉन्स दोनदा वापरला तर दोन्ही मजकुरांतला फरक उघडा पडतो आणि पुढे खोटे टॅग बनवता येतात. सगळी भिंतच कोसळते. एका पीसीवर काउंटर ठेवून निभावतं. आपल्याकडे मात्र सिसप्लेक्स आहे: दोन-तीन एलपार, प्रत्येकावर अनेक सीआयसीएस रीजन, आणि तीच सेशन किल्ली घेऊन कुठलाही रीजन उत्तर देणार. प्रत्येकानं आपापला काउंटर शून्यापासून सुरू केला की पहिल्या मिनिटातच नॉन्सची धडक. रात्री रीजन बंद करून सकाळी उठवला की काउंटर पुन्हा शून्य. टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण टेस्टला एकच रीजन असतो. माझं मत विचारशील तर काउंटरच्या भानगडीत पडू नकोस. हार्डवेअरच्या रँडम नंबरची सेवा मेनफ्रेमवरचं आयसीएसएफ देतं, तिच्याकडून दर उत्तराला ताजे 12 बाइट घे. एका किल्लीखाली 2 च्या 32 व्या घातापेक्षा जास्त उत्तरं रँडम नॉन्सनं देऊ नयेत, अशी अमेरिकेच्या एनआयएसटीची मर्यादा आहे. तो आकडा 400 कोटींच्या वर जातो. सहा तासांत एका गिऱ्हाइकाला तू तेवढी उत्तरं देणार नाहीस.

आणि विनंतीही एनक्रिप्ट होऊन येत असेल तर तिला व उत्तराला एकच किल्ली वापरू नकोस. गिऱ्हाइकानं दिलेल्या किल्लीतून दोन किल्ल्या काढ, जाण्याची वेगळी, येण्याची वेगळी. नाहीतर मधला माणूस गिऱ्हाइकाची स्वतःची विनंतीच त्याला उत्तर म्हणून परत देईल आणि टॅग बरोबर निघेल.

किल्ली उघडायची कुठे? कोबॉलच्या वर्किंग स्टोरेजमध्ये नाही. मशीनमध्ये क्रिप्टो एक्सप्रेस कार्ड असतं. आरएसएची प्रायव्हेट किल्ली त्याच्या मास्टर किल्लीखाली राहते, आणि कार्डाशी कुणी छेडछाड केली तर ते आपल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं. आलेला बंद तुकडा आयसीएसएफच्या इंपोर्ट सेवेला द्यायचा. तिथून परत येतं ते मास्टर किल्लीखाली बंद असलेलं टोकन. उघडी किल्ली आपल्या प्रोग्रामला कधी दिसतच नाही. ती उघडी घेतली तर काय होतं? एक एएसआरए अबेंड, एक ट्रान्झॅक्शन डम्प, आणि त्या डम्पमध्ये किल्ली जशीच्या तशी. डम्प पुढे सपोर्टवाल्यांना जातो, कुणाच्या लॅपटॉपवर उघडतो, महिनोन्‌महिने डिस्कवर पडून राहतो. ट्रेस आणि लॉग यांचंही तेच. विनंती आली की ती जशीच्या तशी लॉगला लिहायची सवय आपल्या प्रत्येक टीमला असते. किल्लीचा तुकडा लॉगमधून आधी वगळ, मग पुढचं बोल.

वेगाबद्दल तुला भीती घालतील. आरएसए उघडणं महाग आहे हे खरं, पण म्हणूनच ते सेशनला एकदा करायचं आणि ते टोकन सगळ्या रीजनना सारखं वापरता येईल अशा जागी ठेवायचं. सगळ्या एलपारवर मास्टर किल्ली एकच असेल तर टोकन कुठेही चालतं. पुढची एईएसची कामं प्रोटेक्टेड किल्लीनं सीपीएसीएफ करतं, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली सोय. लहान उत्तरासाठी दर वेळी कार्डापर्यंत जाऊन यायचं ठरवलंस तर मजकुरापेक्षा फेरीच मोठी होईल. हे आकडे साहेबांच्या बैठकीत तोंडी सांगू नकोस, आपल्याच मशीनवर मोजून दाखव.

ईबीसीडिकचं तुला शिकवायला नको, पण सांगून ठेवते. आपल्याकडे वाय म्हणजे हेक्समध्ये ई8, समोरच्याकडे 59. आपला एन डी5, त्यांचा 4ई. म्हणून आधी उत्तर यूटीएफ-8 मध्ये बदल, मग एनक्रिप्ट कर, मग बेस64 कर, आणि त्या बेस64 च्या अक्षरांना वाटेत जे रूपांतर व्हायचं ते होऊ दे. उलट केलंस, म्हणजे कच्चे एनक्रिप्ट केलेले बाइट एमक्यूला मजकूर म्हणून दिलेस, तर ती रांग त्यांचं इमानदारीनं भाषांतर करील आणि समोर टॅग जुळणार नाही. मग दोन टीम आठवडाभर एकमेकींच्या किल्लीवर संशय घेतील. तसं भांडण सुरू झालं तर पहिल्यांदा दोन्हीकडचे हेक्स डम्प शेजारी ठेव. किल्ली बरोबर आणि कोडपेज चुकीचं, असंच बहुतेक वेळा निघतं.

राहिली चुकांची उत्तरं. आरएसएनं बंद केलेला तुकडा उघडला नाही तर पॅडिंग चुकलं, लांबी चुकली, किल्लीच चुकली असे वेगवेगळे कोड परत देऊ नकोस. 1998 मध्ये ब्लायकेनबाखर या संशोधकानं दाखवून दिलं की असल्या वेगवेगळ्या उत्तरांवरूनच, लाखो तुकडे पाठवून पाठवून, मूळ मजकूर काढता येतो. जुन्या पीकेसीएस #1 आवृत्ती 1.5 च्या पॅडिंगऐवजी ओएईपी घे आणि तरीही सगळ्या चुकांना एकच कोड दे. अशा वेळी गिऱ्हाइकाची किल्ली आपल्या हाती नसते, म्हणून ते उत्तर उघडंच जाणार. तेव्हा समोरच्या टीमला बजावून सांग की उघडं आलेलं कुठलंही उत्तर, त्यात काहीही लिहिलेलं असो, मंजुरी म्हणून धरायचं नाही. नाहीतर चोर एनक्रिप्शनला हातच लावणार नाही. उघडं 00 पाठवून मोकळा होईल.

आणि ट्रिपल डेस दिसलं तर हात जोड. जुन्या सिस्टिममध्ये ते अजून सापडेल, कॉपी-पेस्ट करायला सोपंही असेल, पण 2023 संपल्यानंतर नव्यानं एनक्रिप्ट करायला त्याला एनआयएसटीची मुभा राहिलेली नाही. 56 बिटांचं साधं डेस तर 1977 चं. माझ्या पिढीनं त्यावर बँका चालवल्या, त्याचं ऋण मी मानते, पण तुझ्या कोडमध्ये ते नको.

प्रॉडक्शनला जाण्याआधी एवढं कर. आपल्या खऱ्या उत्तरातला एक बाइट बदलून गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामला पाठवायला लाव. मग कालचं जपून ठेवलेलं उत्तर आजच्या विनंतीला पाठवायला लाव. मग त्याची स्वतःची विनंती त्यालाच परत दे, आणि शेवटी उघडं 00 पाठव. दोन रीजन एकाच वेळी चालू ठेवून हे सगळं पुन्हा कर. चारपैकी एक जरी त्यांनी स्वीकारलं, तर तारीख कितीही जवळ आलेली असो, गो-लाइव्हच्या कागदावर सही करू नकोस. साहेब चिडले तर माझं नाव सांग आणि मला पिशोरला फोन लाव. मी त्यांच्याशी बोलेन.